तुमचं नाव घेऊन केलेली सुंता

अब्बा, काल इथे ओमानमध्ये, सोहारच्या एका क्लिनिकमध्ये तुमच्या नातवाची सुंता झाली. अजून महिन्याचाही नाही तो. बरा आहे, दूध पितोय. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होतो, त्यामुळे सून कोण, कशी, हे तुम्हाला ठाऊक नाही. महाडकडची आहे. शांत आहे, पण एखादी गोष्ट डोक्यात घेतली की तिचा पिच्छा सोडत नाही. दिवस गेल्यापासूनच ती मोबाईलवर सुंतेबद्दल वाचत होती. कुठले डॉक्टर म्हणतात करा, कुठले म्हणतात गरज नाही, तर कुठे आईबापच म्हणतात की मुलाला मोठा होऊन ठरवू द्या. मला हे सगळे रिकामटेकड्यांचे उद्योग वाटायचे.

शेवटी तिने मला डॉक्टरांपुढे नेऊन बसवलं. ते मुंबईचे, वयस्कर. म्हणाले, "आधी आम्ही सरळ सांगायचो, करून टाका. आता दोन्ही बाजू सांगतो. थोडा फायदा आहे, थोडा धोका आहे. तब्येतीसाठी घाई नाही. धर्माचं तुमचं तुम्ही ठरवा. जागा बधिर केल्याशिवाय मात्र मी हात लावत नाही. पूर्वी म्हणायचे, एवढ्याशा बाळाला काय कळतं. कळतं."

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "डॉक्टर अर्जंट नाय बोलतात, मग आपल्याला घाई कसली? जरा थांबू. नको असं मी कुठे बोलते?" कामावरचा ओमानी सुपरवायझर रोज 'खलास?', उरकलं का, म्हणून विचारायचा, गावाहून आईचे फोन चालूच होते. मी म्हणालो, "अब्बांची इच्छा होती, नातवाची सुंता वेळेवर व्हावी." तिने विषय तिथेच सोडला. गेलेल्या माणसाशी कोण वाद घालणार?

तुम्ही असं कधी म्हणाला नव्हतात. काल दाराबाहेर उभा असताना आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दुखत नाही, पाय धरून ठेवले की रडतात. तरी आपल्या घरातला तो दिवस आठवला.

मी आठ वर्षांचा, धाकटा चारचा. तुम्ही दोन वर्षांनी इथल्या, ओमानच्या खाबुऱ्याहून सुट्टीवर गावी आला आहात. शिलाईच्या दुकानातून सुट्टी मिळते ती दोनच महिने, म्हणून गल्फवाल्यांच्या घरी उरकतात तसं सगळं त्यातच उरकायचं, आत्याचं लग्न, घरावरची कौलं आणि आम्हा दोघांची सुंता एकाच दिवशी. दोघांच्या अंगात तुम्हीच शिवलेले एकाच कापडाचे कुर्ते. न्हावी आलाय. मामूंनी मला मांडीत घट्ट आवळलंय आणि मी तुम्हाला हाका मारतोय. माझं झाल्यावर मामू धाकट्याला उचलतात, तेवढ्यात तुम्ही दारात येता. चेहरा पांढराफटक.

"धाकल्याचा ऱ्हवंदे," तुम्ही म्हणता.

मामू हसतात. "अरे, बिर्याणी चढलीय, गाव जमलाय."

"ऱ्हवंदे बोललो ना."

धाकट्याची सुंता पुढे रत्नागिरीच्या दवाखान्यात झाली, इंजेक्शन देऊन. मी मात्र धरून चाललो की तुमचा जीव त्याच्यावरच. तुम्ही उशाशी बसून वारा घालत होतात आणि मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. सुट्टी संपून निघालात तेव्हाही धड बोललो नाही. त्या रागात आपल्या दोघांची किती वर्षं वाया गेली, याचं आता फार वाईट वाटतं.

माझं ओरडणं ऐकून तुम्ही धाकट्याचं थांबवलं होतंत, भरल्या घरात, सगळे हसत असताना. थांबू या, एवढंच तुमचं म्हणणं होतं, आणि एवढंच तीही म्हणत होती.

सुंता केल्याचं मला दुःख नाही, ती करायचीच होती. तुमच्या नावाने तिचं तोंड बंद केलं, ते सलतंय. तुमची कबर इथून तासाभरावर, खाबुऱ्यातच आहे. शुक्रवारी जाईन, फातिहा पढेन, पण हे पत्र घरीच राहील.

काल क्लिनिकमधून आल्यावर तिने बाळाला कुशीत घेतलं. त्याचे डोळे पुसत मला म्हणाली, "चला, अब्बांची इच्छा तरी पुरी झाली." मी हो म्हणालो.