भूगोल विभागातली पाचवी खुर्ची

३ फेब्रुवारी

चि. चिमीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. आम्ही सगळे खुशाल. धाकट्याने तुला इतक्यात कळवू नका म्हणून बजावलं आहे, पण माझ्या पोटात काही राहत नाही हे तुला ठाऊकच आहे. त्याच्या विद्यापीठाने मला भूगोल विभागात घेतलं. चाळीस वर्षं शाळेत नकाशे टांगले आणि आता पंचाहत्तरीला प्राध्यापक झालो. मुलगा कुलसचिव असला की म्हाताऱ्याचाही वशिला लागतो, असं सूनबाईला म्हणालो, तर ती उठून आत गेली. तिला थट्टा कळत नाही.

तिसऱ्या मजल्यावर वर्ग आहे. इमारत नवी, पण खिडकीचं लाकूड फुगलं आहे आणि खुर्च्यांवरचं प्लास्टिक अजून कोणी काढलेलं नाही. विभागात एकच बाई आहेत, त्या सगळ्यांचं काम एकट्या ओढतात. मुलं नऊ. नद्या कशा वाट बदलतात ते शिकवलं, तर तास संपला तरी कोणी उठेना.

तू नियोजन मंडळात बसून देशभरच्या विद्यापीठांचा गाडा हाकतेस. कधी आमच्याही वर्गात येऊन मागच्या बाकावर बस. लोभ आहेच, तो जावईबापूंनाही थोडा दे.

तुझा,
नाना

९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. नानांचं पत्र वाचलं आणि लगेच तुला लिहायला बसले. या वयाच्या माणसाची नेमणूक होत नाही, तो नियम लिहिला गेला तेव्हा मी त्याच टेबलाशी बसले होते. पुढच्या महिन्यात आमच्या मंडळाची तपासणी समिती तुमच्याकडे येते आहे. विभागात पाच शिक्षक नसतील तर विभाग बंद, हेही तुला पाठ आहे. तू काय केलं आहेस ते मला कळलं.

नानांना समितीपुढे बसवू नकोस, आणि त्यांना आजच्या आज खरं सांग. लहानपणी काचा तू फोडायचास आणि चेंडू ताईचा होता म्हणून सांगायचास. या वेळी चेंडू नानांच्या हातात देऊ नकोस. काळजीत आहे, तरी माया तीच.

तुझी,
ताई

१६ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र कचेरीत उघडलं आणि शिपाई चहा घेऊन आला तसं ते फाइलखाली सरकवलं. यावरून माझी अवस्था ओळख.

पण माझंही ऐक. तुम्ही नकाशात टाचणी टोचलीत आणि आमचं विद्यापीठ झालं. इमारत मिळाली, विभाग मिळाले. शिक्षकांच्या जागा भरायची परवानगी मात्र तीन वर्षं तुमच्याच इमारतीत कुठल्यातरी टेबलावर पडून आहे. विभाग बंद झाला तर ही मुलं जाणार कुठे? म्हणून तपासणीपुरते शेजारच्या कॉलेजातून तिघे मागून आणायचं ठरवलं. बाई धरून चार झाले. पाचवा मिळेना.

नानांना मी फक्त समिती येईल तेव्हा दोन दिवस येऊन बसा, एवढंच सांगायला गेलो होतो. पण विद्यापीठ हा शब्द ऐकल्याबरोबर त्यांचा चेहरा असा उजळला, की फक्त दोन दिवस, हे सांगायचं राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी ते कोटाला इस्त्री करून दारात उभे. तेव्हापासून रोज जातात. या रविवारी नक्की सांगतो. रागाव, पण पत्र लिहीत राहा.

तुझा,
धाकटा

१२ मार्च

ती. ताईस,

सा. न. मी सांगितलं नाही. चार रविवार गेले.

काल समिती वर्गात आली. अध्यक्षांनी नानांना त्यांची पदवी विचारली. नानांनी सरळ उभं राहून सांगितलं की बी. ए., आणि शाळेतली चाळीस वर्षं. नेमणुकीचं पत्र तेवढं अजून हातात पडलेलं नाही, पण कुलसचिव आपलाच मुलगा आहे, देईल. मी दारात उभा होतो. सगळे माझ्याकडे वळले, मुलंसुद्धा. मग नानांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. त्यांनी खडू ठेवला, हात झटकले आणि आज इथेच थांबू, असं मुलांना म्हणाले.

समितीला मी सगळं लिहून दिलं. परतताना नाना गाडीत माझ्या शेजारी बसले नाहीत, मागे बसले. लोभ ठेव असं म्हणायलाही जीभ रेटत नाही.

धाकटा

१८ मार्च

ती. नानांस,

सा. न. वि. वि. मी तुम्हाला तेव्हाच कळवू शकले असते. एक फोन पुरला असता. धाकट्याने स्वतः सांगावं म्हणून थांबले, हे खरं आहे, पण पूर्ण खरं नाही. समितीच्या नजरेतून सुटलं तर सुटलं, त्याची नोकरी वाचेल, असंही मनात होतं.

आणि आणखी एक. पाच शिक्षकांचा नियम मीच मांडला होता. जागा भरण्याचा विषय त्याच दिवशी होता, तो पुढच्या बैठकीवर ढकलला, कारण उशीर झाला होता आणि सगळ्यांना भूक लागली होती. ती बैठक अजून झालेली नाही.

आज मंडळात सगळं सांगितलं आणि निर्णय होईपर्यंत बाहेर बाकावर बसले. विभागाचे प्रवेश बंद झाले, मुलांना दुसऱ्या विद्यापीठात पाठवतील. धाकटा निलंबित. मला कोणी काही बोललं नाही, त्याचीच जास्त लाज वाटली. रागावून का होईना, पण दोन ओळी लिहा.

तुमची,
चिमी

२७ मार्च

चि. चिमीस,

आशीर्वाद. धाकटा घरात चोरासारखा वावरतो आणि सूनबाई मला आजाऱ्यासारखं जपते. काल वर्गातली मुलं भेटायला आली. मी प्राध्यापक नव्हतो, असं त्यांना सांगितलं. त्यावर एक मुलगी म्हणाली की ते त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, कारण मी रोज वेळेवर यायचो. सगळे हसले, मीही हसलो. दुसऱ्या विद्यापीठात जाईपर्यंत रोज घरी येऊन शिकू का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. त्यांना खरा शिक्षक मिळायला हवा.

तुम्हा दोघांची लाज तुमच्यापाशी. माझी वेगळी आहे. बी. ए. झालेल्या म्हाताऱ्याला विद्यापीठात कोण घेतं, एवढं मी त्याच दिवशी विचारू शकलो असतो. पोरांना जन्मभर सांगत आलो की प्रश्न विचारा. हा एक विचारला नाही. उत्तर मला माहीत होतं आणि ते ऐकायचं नव्हतं.

ती राहिलेली बैठक घे, चिमे. तेवढं तुझ्या हातात आहे.

आज संध्याकाळी धाकट्याला हाक मारली. तो येऊन बसला. अंधार पडेपर्यंत दोघं बसलो होतो. मी रागावलो आहे असं समजू नकोस, विसरलो आहे असंही नको. माया आहे तिथेच आहे.

तुझा,
नाना