आईच्या मशीनचं पायडल कोण मारतं?

प्रिय आई,

तू गेल्यापासून तुझ्या शिलाई मशीनचं पायडल कोणीतरी चोरून मारतंय. तुला नाही तर कुणाला सांगू?

मशीनवर धूळ, पट्टा काढून ठेवलेला, आणि खाली पायडल मात्र लख्ख! सांगलीहून आष्ट्याला आले की मी आधी तेच बघते. संशय वहिनीवर होता. मोटर बसवू, पायडल विकून टाकू, हे तिनेच काढलं होतं ना? गिऱ्हाईकाला दाखवायला पुसत असेल! विचारलं तर म्हणते, “आवं वन्सं, देवाशप्पत, मी हात बी लावला न्हाई.” माझा काही विश्वास बसला नाही.

आज दुपारी मुद्दाम झोपेचं सोंग घेतलं. थोड्या वेळाने तुझ्या खोलीचं दार किलकिलं करून बघते तर आप्पा! मशीनच्या पलीकडे खुर्ची टाकून बसलेले, दोन्ही पाय पायडलवर. खालचं चाक रिकामंच फिरत होतं.

“आप्पा, हे काय?”

दचकले. मग म्हणाले, “आगं, तुझ्या आईचं गुडघं गेल्यावर पायडल मीच मारायचो. ती नुसतं ‘हं’ म्हटली की थांबायचं. कुणाला सांगू नगा म्हटली हुती.”

आई! तसल्या गुडघ्यांनी एवढे ब्लाउज कसे होतात, असं माझ्या मनात कायम यायचं. दुपारी दार लावून आम्ही झोपतो, असं सांगायचीस. मला, पोटच्या पोरीला?

मग त्यांनी तुमचं जुनं भांडण काढलं. तू म्हणायचीस, पायाने मारायचं ते पायडल, शब्द आपलाच. ते म्हणायचे, छट्, इंग्रजी, मी फौजेत ऐकलाय. “तू कालेजात शिकवतीस. खरं कुणाचं?” यांना आता तुझ्या माघारी जिंकायचंय की काय? तरी सांगितलं. शब्द इंग्रजीतूनच आला. पण त्याच्या मुळाशी लॅटिनमधला पाय आहे, आणि तो पाय नि आपला पाय एकाच जुन्या कुळातले.

आप्पांचे पाय थांबले. “म्हंजे तिचं बी खरं हुतं. एकदा व्हय म्हणाया काय झालं हुतं मला?”

मला रडू आलं गं.

वहिनीची माफी मागायची राहिलीय, मागेन. पायडल कुठेही जाणार नाही, हा शब्द देते. उद्या पट्टा चढवते. पाय आप्पांचे, कापड मी धरीन. शिवण वाकडी आली तर हसू नकोस.

फक्त तुझ्यासारखं ‘हं’ मला म्हणता येईल का?

तुझी संशयी,
शालन