पथ्याची भाकर

१४ ऑक्टोबर १९३४
ब्राह्मणपुरीहून निघून तिसऱ्या दिवशी घाट चढून या डोंगरातल्या पाड्यावर पोहोचलो. दवाखाना म्हणजे कुडाची एक खोली, पण कंपाउंडर मी आणि डॉक्टरही मीच! कारभारी दलसिंग यांनी कोंबडं कापलं. त्यांची बायको भुरीबाई मला रोज मक्याची भाकर देणार आहे. अवकाळी पावसात कणसं भिजली, म्हणून जरा कडवट लागते. भुकेला कोंडा, निजेला धोंडा. मी खुशीत आहे.

२९ ऑक्टोबर
पाड्यात अकरा जणांना कावीळ. पोटं पाण्याने तट्ट फुगलीत. बरगडीखाली बोटं दाबली की यकृताची कड हाताला लागते. शहाद्याचे डॉक्टर म्हणायचे, यकृत सोशिक असतं, जखमी झालं तरी पुन्हा वाढतं, फक्त त्याला उसंत द्या. म्हणून आमच्याकडचं पथ्य लावलं: तेल, तिखट, मांस, कंद बंद, नुसती कोरडी भाकर. रोगी नको म्हणाला तरी भरवायची. भुरीबाई घरोघर बजावून आली. बाई मोठी कामाची आहे.

६ नोव्हेंबर
पथ्य काटेकोर पाळणारे सहा जण गेले. रोग्यांपैकी एक बाज्या मात्र माझं न ऐकता रानातले कंद भाजून खातो, आणि तो हिंडतो-फिरतो आहे. मला त्याचा राग येतो.

१० नोव्हेंबर
खालच्या गावांनी वाटेवर काटे टाकलेत. पलीकडे तिरकमठेवाले बसलेत. साथ आली की गाव असंच बांधतात, कुणाला बाहेर पडू देत नाहीत म्हणे. मी सरकारी माणूस, मला तरी सोडा, म्हणालो. दलसिंग शांतपणे बोलले, "तुम्हीबी आते गावनाच शेतस." म्हणजे मीही आता या गावचाच.

१३ नोव्हेंबर
दवाखान्यामागे तीन कुत्री मेलेली. त्यांचेही डोळे पिवळे. रोग्यांची उरलेली भाकर त्यांनाच टाकतात. धावत जाऊन कणसं सोलली. दाण्यांवर हिरवी बुरशी. यकृताला उसंत म्हणून मीच रोग्यांना हीच भाकर — दिवसातून तीनदा —

१५ नोव्हेंबर
मका जाळा म्हणालो. दलसिंग म्हणाले, दुसरं धान्य कुठे आहे? आणि रोगी असंच बोलतो. मी रोगी? आरसा पाहिला. डोळे हळदीसारखे. फार भीती वाटते.

१८ नोव्हेंबर
पोट फुगलं. उठवत नाही. दोन दिवस उपाशी — भाकर परत पाठवली —

१९
भुरीबाई आली. भाकर पाण्यात कुस्करून. नको म्हणालो, हात जोडले. ती मायेने हसली. माझं डोकं मांडीवर घेतलं आहे — मी ओठ मिटून — नाक दाबलं की तोंड उघडतं, हे मीच तिला शिक