रांगेत हात खिशात

३ तारीख
लेकीचा फोन. लग्न वीसला, ती नोकरी करते त्या शहरात, रजिस्ट्रारच्या ऑफिसात. विमानानं यायचं. अट एकच: बाबा, वाटेत कोणालाही हात लावायचा नाही, नाहीतर येऊच नका.
तिच्या डोक्यात अजून गेल्या वर्षीचं ते जेवण आहे. दोन्ही घरं पहिल्यांदा भेटली आणि मुलाच्या काकांचा चष्मा फुटला. मी फोडला असं सगळे म्हणतात. मी फक्त काकांना मारलं होतं. चष्मा मध्ये आला.
असो. शब्द दिला. मी मुळात थंड डोक्याचा माणूस. दुसऱ्याच्या वर्कशॉपात झाडू मारण्यापासून सुरुवात केली, आज शहरातली निम्मी दुकानं माझी शटरं ओढून बंद होतात. तापट माणसाला हे जमतं का? डॉक्टर म्हणतात, राग आला की लिहून काढा. म्हणून ही वही.
आज राग आला नाही. कप फुटले (दोन).

५ तारीख
मिस्त्री नुकताच विमानानं जाऊन आला. म्हणाला, मालक, विमान दोन तासांचं आणि तपासणीची रांग तीन तासांची. बूट काढा, पट्टा काढा, हात वर करा. तुम्ही आणि रांग! हसला.
पाठ वळल्यावर वेल्डरला काय म्हणाला तेही ऐकलं. शटर वर जाताना कोणती पट्टी वाकलीय ते मी रस्त्याच्या पलीकडून सांगतो, असे माझे कान. म्हणाला, हा माणूस विमानात बसला तर मी मिशी काढीन.
शिस्त म्हणून पाना फेकून मारला. लागला नाही. म्हणजे मारला असं म्हणता येणार नाही.
संकल्प: रांगेत दोन्ही हात खिशात.

८ तारीख
पाहणीसाठी विमानतळावर गेलो. माप घेतल्याशिवाय मी पत्रा कापत नाही.
लॉबीतून रांग नीट दिसते. मशीन चार, चालू एक. उरलेल्या तिन्हींवरची माणसं चौथ्याकडे बघत बसलेली. माझ्या वर्कशॉपात हे दिसलं असतं तर एकेकाची तंगडी त्याच्याच गळ्यात बांधली असती. शांतपणे.
एक गृहस्थ ट्रेपाशी पोचले आणि मग खिसे रिकामे करायला लागले. किल्ल्या. कंगवा. रुमालात गुंडाळलेल्या गोळ्या. मग दुसरा खिसा. इतका वेळ रांगेत उभा राहून हा प्राणी करत काय होता? मी दोरीच्या अलीकडूनच त्याला प्रेमानं समजावलं. बोलताना मी हातवारे करतो, ती सवय आहे. ट्रे उडाला. कंगवा सापडला नाही.
दोन शिपाई मला दारापर्यंत पोचवायला आले. एक डावीकडून, एक उजवीकडून. चांगला मान दिला. पाय जमिनीला टेकू दिले नाहीत.

११ तारीख, रविवार
प्रश्न रागाचा नाहीच. सरावाचा आहे.
घरातच तालीम ठेवली. पॅसेजमध्ये खुर्च्या लावून रांग. जेवणाचं टेबल म्हणजे मशीन, त्यावर चहाचे ट्रे. बायकोचा भाऊ तपासनीस, हातात टॉर्च. तो बँकेत काउंटरवर आहे, लोकांना ताटकळत ठेवायचा अनुभव दांडगा.
सुरुवात सासूबाईंपासून. चपला, बांगड्या, चष्मा, पर्स, सगळं ट्रेमध्ये, आणि पलीकडे जाऊन सगळं परत अंगावर. गॅसवरचं दूध वर यायच्या आत. मग बायको, तीही झटपट. तिसरा मी. बायको मागून म्हणाली, अहो, सरका की पुढे, विमान काय तुमच्या घरचं आहे? हात खिशात ठेवून हसलो.
माझ्या खांद्यात स्टीलची प्लेट आहे. (एकदा पार्किंगवरून चर्चा झाली होती.) म्हणून मेहुण्यानं तोंडानं बीप केलं. बाजूला घेतलं. म्हणाला, दाजी, पाय फाकवा. बीप. हात वर. बीप. मग काखेत टॉर्च खुपसून विचारतो, बॅगेत काही धोकादायक आहे का, की धोका तेवढा अंगावरच नेताय?
त्याचा ओठ माझ्या कोपरावर आपटला.
त्यानंतर सासूबाईंनी मला छत्रीनं मारलं, बायकोनं ट्रेनं. मशीनचा एक पाय मोडला.
तालीम बऱ्यापैकी यशस्वी. माझ्याकडून फक्त शेवटचा भाग राहिला.

१२ तारीख
मेहुण्याला टाके. दोनच, पण तो दहा असल्यासारखा तोंड बांधून बसलाय. बायको बोलत नाही. घरात शांतता. हवी होती ती हीच.

१७ तारीख
बायको, सासूबाई आणि मेहुणा आजच्या विमानानं पुढे गेले. मला न विचारता तिकिटं बदलून आणली होती. बायको म्हणाली, तुमच्याबरोबर त्या रांगेत उभं राहायची माझी छाती नाही. पण या. पोर वाट बघेल हो. जिन्यात सासूबाई हळूच म्हणाल्या, येतोय कसला.
ऐकलं. वयाचा मान ठेवून भिंतीला ठोसा मारला. भिंत माझी आहे.

१८ तारीख, सकाळ, विमानतळ
विमान दुपारचं, मी उजाडताच हजर. हात खिशात. (लिहिण्यापुरता एक बाहेर.) रांग वळसे घेत घेत खेळण्यांच्या दुकानापर्यंत आलीय. पुढच्या माणसाच्या पायात गुडघ्यापर्यंत लेस बांधायचे बूट. हे बूट घालून विमानाला येणाऱ्याला त्याच लेसांनी पंख्याला टांगलं पाहिजे. असं मनात आलं. मनातच ठेवलं.

थोड्या वेळानं
मागचं जोडपं कुजबुजतंय. बाई म्हणते, याची मान बघ, रेड्यासारखी. मी वळून गोड हसलो. ते चार माणसं मागे जाऊन उभे राहिले. माझ्यासारखं सगळ्यांनी वागलं तर रांगेत भांडणं होणार नाहीत.

आणखी नंतर
हातोडी अडवली. लेकीच्या नव्या घरासाठी स्वतः घासूनपुसून चकचकीत केलेली, लाकडी दांड्याची. तपासनीस बाई म्हणाली, काका, ही आत नेता येत नाही. मी म्हटलं, बाई, हे हत्यार नाही, अवजार आहे, पोरीच्या लग्नाची भेट आहे. म्हणाली, आणि कोणाच्या टाळक्यात घातली तर? मी म्हटलं, टाळक्यात घालायला मला हातोडी लागत नाही. सरळ माणूस, खरं बोललो.
तिनं मला मागे पाठवलं: बॅग काउंटरवर द्या, परत रांगेत या. गेलो. आमच्या विमानाचं सामान घेणं बंद झालं होतं. हातोडी कचऱ्याच्या डब्यात ठेवली. ठेवली, फेकली नाही. पुन्हा रांगेच्या शेपटाला. हात खिशात. आज लेक इथे असती तर बघत राहिली असती.

१८ तारीख, संध्याकाळ, विमानतळावरची पोलीस चौकी
झालं ते असं.
माझ्या पुढे दोघंच उरले होते. एक टायवाला, एक टकलू. दोघांनी एकच ट्रे धरला. माझा, नाही माझा. मग, तुझ्या बापानं आणून ठेवलाय का? टायवाल्यानं टकलूला ढकललं. वर्कशॉपात अशी भांडणं मी रोज सोडवतो. सोडवायला गेलो. टायवाल्याला टाय धरून सोडवला. टकलूला धरायला काही नव्हतं म्हणून कान धरला. तेवढ्यात टायवाल्यानं माझ्या नाकावर एक ठेवून दिली.
यापुढे मी ट्रे वापरला. दोघांना सारखाच. पक्षपात मला आवडत नाही.
पट्टा चालूच होता. टायवाला त्यावर आडवा होऊन मशीनच्या तोंडापर्यंत गेला. बाईनं बटण दाबलं नसतं तर त्याच्या पोटात काय आहे तेही सगळ्यांना दिसलं असतं. शिपाई धावत आले. दोघं ओळखीचे निघाले, पाहणीच्या दिवशी दारापर्यंत आलेले. त्यातल्या एकाचा दात ट्रेमध्ये मिळाला. प्रामाणिकपणे परत केला.
चौकीत बसलो असताना माझ्या विमानाची शेवटची हाक ऐकली. तीन दारांपलीकडून. दुसऱ्या कोणाला ऐकूही आली नसती.

१९ तारीख
मिस्त्रीनं येऊन सोडवलं. मिशीला पीळ देत होता. 
विमान कंपनी म्हणते, वर्षभर आमच्याकडे फिरकू नका. मीच फिरकणार नव्हतो. गाडी काढली. कुठे न थांबता चालवली तर उद्या वेळेत पोचतो. बोटं सुजलीत, गिअर टाकताना कळ येते. बायकोला फोन करून सांगितलं, विमान चुकलं. का, ते तिनं विचारलं नाही.

२० तारीख
पोचलो. शर्ट वाटेत बदलला. नाक बदलता येत नाही.
रजिस्ट्रारचं ऑफिस वरच्या मजल्यावर. खाली दारात तपासणी, आणि रांग. एक म्हातारा गार्ड, एक टेबल. प्रत्येक पिशवी उघडतो, आतलं सगळं बाहेर मांडतो, आणि परत भरताना ते काही मावत नाही. माझ्या पुढच्या बाईकडे तीन पिशव्या. मागचा माझ्या टाचेवर पाय देतोय. तेवढ्यात एक दांडगा मला खांदा मारून पुढे घुसला. प्लेटवालाच खांदा. त्याची मानगूट माझ्यापासून वीतभर.
हात खिशातून निघाला नाही. खरंच नाही निघाला. इथे खोटं कशाला लिहू, ही वही मीच वाचणार.
जिन्याच्या वरून लेकीचा आवाज आला. म्हणत होती, अजून थोडं थांबू या ना, बाबा येतील. कोणीतरी म्हणालं, पुढचं जोडपं खोळंबलंय. मग खुर्च्या सरकल्या. बाईची दुसरी पिशवी उघडली गेली. मी जागचा हललो नाही. तिसरी उघडली तेव्हा वर टाळ्या वाजल्या.
माझा नंबर आला. खिसे आधीच रिकामे करून ठेवले होते. गार्ड म्हणाला, वा, सगळेच असे आले तर काय हवंय.
ते सगळे जिना उतरून आले. लेक पुढे, हातात फुलं. तिनं माझं नाक पाहिलं. बोटं पाहिली. मी दोन्ही हात पुढे केले. ती मला वळसा घालून गार्डपाशी गेली. म्हणाली, आजोबा, तुम्हाला कुठे लागलं का?
तो म्हणाला, नाही हो, हे तर अगदी शांत उभे होते.
तिनं त्याचा चेहरा नीट न्याहाळला आणि पुन्हा विचारलं.