मागच्या दारातली सासू

मंगळवार, १८ नोव्हेंबर

आई, फार दिवसांत तुला लिहिलं नाही. वहीत रोजचं काहीबाही लिहिते, पण तुझ्याशी बोलायला म्हणून बसावं आणि निम्म्यात डोळे मिटावेत, असं दोनतीनदा झालं. माफ कर. थकवा हे कारण खरं आहे, पुरेसं नाही, तेही कळतं मला.

कॉलेजात शिकवून आल्यावर साप्ताहिकातलं ते सदर अजून लिहिते. नवे चित्रपट, मालिका, पुस्तकं, गाणी. तू होतीस तेव्हा महिन्याला एक लेख असायचा, आता दर शुक्रवारी. बघायचं संपतच नाही. वेब मालिका दीडपट वेगाने बघते, गाणं पहिल्या कडव्यानंतर सोडते आणि मग लिहिते, ‘उत्तरार्धात पकड सुटते.’ पकड त्यांची सुटते की माझी, हे हल्ली खात्रीने सांगता येत नाही.

माझं पहिलं परीक्षण छापून आलं, तो दिवस आठवतो. आपण दोघी वसईला एक विनोदी चित्रपट बघून आलो होतो आणि मी लेखात त्याचे वाभाडे काढले होते. आपल्या वाडीतली दादरच्या बाजारात जायची फुलं गेली आहेत, सकाळचं काम उरकलं आहे. तू स्वयंपाकघराच्या मागच्या दारात उभी आहेस, एक पाऊल दुसऱ्या पावलावर टेकवून, हातात चहाची बशी, तोंड वाडीकडे. मी लेख मोठ्याने वाचते. तू मान न वळवता म्हणतेस, “तू तर हसत होतीस. माझ्या खांद्यावर डोकं टेकून हसत होतीस. ते कुठे आहे ह्यात?” मी म्हणते, ते परीक्षणात येत नाही. “मग काय येतं?” असं विचारून तू बशी विसळायला जातेस. हे तू आपल्या घरच्या बोलीत म्हणाली होतीस. इथे ते पुस्तकी मराठीत उतरवताना तुझा आवाज थोडा माझ्यासारखा होतोय, ते खटकतं.

आता मूळ गोष्ट. वटारचं आपलं घर भावाने वर्षभरासाठी एका मालिकेच्या शूटिंगला दिलं आहे. तो बाजूच्या नव्या घरात राहतो, त्यामुळे अडचण नाही. तुझ्या स्वयंपाकघराला मोरपिशी रंग दिलाय. गोष्ट घाटावरच्या गावातली, म्हणून खिडकीतून केळी दिसू नयेत यासाठी तरटाचा पडदा लावलाय. गॅस कधी पेटत नाही, पण डाव सतत ढवळत असतो. मी गेले होते त्या दिवशी सासूचं काम करणारी बाई खुर्चीत बसून डबा खात होती. पन्नाशीची, विदर्भाकडची, बोलायला साधी. म्हणाली, “ताई, एक विचारू? ह्या घरातली बाई कुठे उभी राहायची हो? मला इथे उभं राहायला जागाच सापडत नाहीये.” इतक्या वर्षांत तुझ्याबद्दल इतकं नेमकं कुणी विचारलं नव्हतं. मी उठून मागच्या दारात उभीच राहिले. पाऊल, बशी, मान न वळवता बोलणं, सगळं करून दाखवलं. तिने दोनदा माझ्याकडून करून घेतलं.

मालिकेतली सासू दुष्ट आहे, हे मला माहीत होतं. तरी त्या क्षणी ते डोक्यात आलं नाही.

आता ती रोज त्या दारात उभी राहते आणि वाडीकडे बघत बशीतला चहा पिता पिता सुनेचं वाटोळं ठरवते. बाजारात पापडी घेताना भाजीवाली शेजारणीला सांगत होती, “ती पाठमोरी चहा प्यायला लागली ना, की माझ्या पोटात गोळा येतो. सटवी आहे नुसती.” मी पापडी निवडत राहिले. भाऊ हसतो. म्हणतो, “ताई, आई फेमस झाली.” त्याची बायको मात्र परवा भाकऱ्या थापता थापता म्हणाली, “सासूबाई मला कधी वाकडं बोलल्या नाहीत हो. पण रोज बघून बघून आता वाटायला लागलंय, बोलल्या असतील.” म्हणाली आणि स्वतःच हसली. मला नाही हसू आलं. आपलं माणूस गेल्यावर जे थोडं उरतं, त्यातलं एक मी उचलून परक्या हाती दिलं आणि आता ते तुझ्या सुनेच्या आठवणीतही कालवलं जातंय.

त्यात संपादकांना ह्या मालिकेचं परीक्षण हवंय. “आपल्या वटारला शूटिंग, लोक वाट बघतायत. येत्या अंकात घेऊन टाका.” मी दोन मसुदे केले. पहिल्यात पटकथा, पार्श्वसंगीत, तरटाचा पडदा, सगळं झोडपलं आणि त्या बाईचा उल्लेखच टाळला. वाचलं तर खोटं वाटलं, कारण अख्ख्या मालिकेत खरी तेवढी तीच आहे. दुसऱ्यात तिच्या उभं राहण्याचं कौतुक केलं. तिने नुसती नक्कल केलेली नाही. बशी ओठांशी नेण्याआधी ती जरा थांबते, ते मी दाखवलं नव्हतं. आणि तू थांबायचीस. हे तिला कसं सुचलं कोण जाणे. पण तो मसुदा वाचताना तुझ्यावर मृत्युलेख लिहिल्यासारखं वाटलं. आवडलं ते लिहायचं, हे तुझं म्हणणं मला पटतं. पण मला आवडतेय ती मालिका नाही. मग वाचकाला मी काय म्हणून सांगू, बघा म्हणून की बघू नका म्हणून?

हे तुला कुठे पाठवणार. वहीतच राहील. एक मात्र कबूल करते. भाग लागला की मी टीव्हीचा आवाज बंद करते. ती कुणाला काय सुनावतेय ते मग कळत नाही. फक्त दार, बशी आणि पाठ. तेवढा वेळ मला दमल्यासारखं वाटत नाही.

उद्या : संपादकांना फोन. ह्या मालिकेचं परीक्षण दुसऱ्या कुणाला तरी लिहायला द्या, मी ती नुसती बघतेय, असं सांगायचं.