तिसऱ्या ओळीची घाई

सोमवार, ३
आले एकदाची! खाली स्टुडिओत नोकरी, वर राहायला दोन खोल्या. आई खुशीत आहे. गाण्यांची मांडणी करायला संगणकावर तीन सॉफ्टवेअर आहेत. एक इतकं जड, की उघडेपर्यंत चहा निवतो. दुसऱ्यात बटणंच बटणं, गाणं करायचंय की विमान उडवायचंय! तिसरं आधीच्या संगीत संयोजकाचं. तो एका दुपारी कप अर्धा ठेवून निघून गेला, तो गेलाच. मालक म्हणाले, तेवढं सोडून काहीही वापर. मी अर्थातच तेच उघडलं. काय सुटसुटीत आहे!

बुधवार, ५
पडद्यावर प्रत्येक आवाजाची एक आडवी पट्टी, आणि त्यांच्यावरून सरकणारी लाल रेघ. दोन दिवसांत हात बसला. पहिलं गाणं आईच्या चालीवर करायचं ठरवून तिला माइकसमोर बसवलं. तिसऱ्या ओळीत ती नेहमी घाई करते. टोकलं, तर म्हणते कशी, “तुझ्या बापाला हीच घाई आवडायची. गप बस.”

गुरुवार, ६
सगळं तालात बसवणारं एक बटण आहे. आईची पट्टी निवडून दाबलं. माइक तेवढा बंद करायला विसरले. आई मागेच विणत बसली होती. चाल अगदी सरळ झाली, गुळगुळीत, पण आईची राहिली नाही. मागे सुयाही चार-चारच्या ठोक्यात वाजायला लागल्या.

शुक्रवार, ७
आई चार पावलं चालते, थांबते. चार घास, मग घोटभर पाणी. हसलीसुद्धा चारदाच. थट्टा करतेय समजून मी रागावले. तिचे डोळे भरले. म्हणाली, मी नाही गं करत.

शनिवार, ८
मालकांना सांगितलं. ते पांढरेफटक पडले. आधीचा संयोजकही शेवटी असाच चालायचा म्हणे. त्याची पट्टी संपली, त्याच दुपारी गेला.
धावत येऊन पाहिलं. लाल रेघ आईच्या पट्टीवर सरकतेय. मी सुरू केलेली नाही. केलेलं परतवणारं बटण चालत नाही. वायर उपटली. पडदा चालूच —

रविवार, ९, सकाळ
घाबरलेय. पण मागे हटले तर आईची लेक नाही. पट्टी पुसता येत नाही, पण तिच्यावर दुसरा आवाज भरता येतो. मी गातेय. आईचीच चाल, तिसऱ्या ओळीची घाई जशीच्या तशी. रेघ टोकाला आलीय —

दुपार
जमलं! आई पाच पावलं चालली, धडपडली, मला मनसोक्त शिव्या घातल्या. किती वेड्यावाकड्या, किती गोड!
रेघ मात्र थांबली नाही, पुन्हा पहिल्यापासून सरकतेय. पट्टीवर आता मी आहे.
पेन चार शब्दांवर अडतं.
मी मुद्दाम पाच लिहिते, बघ.
आई शेजारी बसून तिसरी ओळ म्हणतेय. घाईनं. म्हण आई, अजून जोरात —
एक, दोन, तीन. चौथा मी लिहिणार ना—