मीनल राहणार कुठली

लातूर, मंगळवार, ३ जून

घराचं लोखंडी गेट, सागवानी देवघर, गच्चीवरचा झोपाळा, सगळं माझ्या हातचं. कुणी शिकवलं न्हाई. तसाच युरोपच्या फिरतीचा बेतही मीच आखला. माझी पोरगी मीनल जर्मनीत शिकते. मी इथून जाणार, मग दोघं रेल्वेनं फिरणार. युरोपाबाहेर राहणाऱ्यांना मिळतो तो रेल्वे पास दोघांना घ्यायचं ठरवलं, अर्जही भरला. पासपोर्ट भारताचा, रेशन कार्डावर तिचं नाव अजून आहे, मग राहणार लातूरच ना?

फोनवर ती हसत सुटली. "आप्पा, रेशन कार्ड कोण बघतंय? माणूस राहतो कुठं ते बघतात. माझा राहायचा परवाना इथला हाय. तुम्ही पाहुणे, मी इथली."

नियम पुन्हा वाचला. तिचंच बरोबर. तिचा पास वेगळा, युरोपात राहणाऱ्यांचा, आणि त्यावर जर्मनीतून एकदा बाहेर, एकदा परत, बस्स. जर्मनीतलं बाकी तिकीट वेगळं. चुकलो मी, पण पोरगी बारकाव्यात माझ्यावर गेली. तरी अर्जात तिच्या नावापुढं 'राहणार लातूर' लिहिताना लई बरं वाटलं होतं, ते कशाला लपवू? खोडलं.

संध्याकाळी तिकिटं काढून देणारा म्हणाला, "काका, कशाला खोडता? तिचा लातूरचा रहिवासी दाखला आणून देतो, दोघांना सारखाच पास." नको म्हणालो. पाचशे रुपयांत देत होता.